गोड आवाजातल्या शिव्या

पापनाशमहून परतताना भर बसमध्ये माझ्या नवऱ्यानं मला शिवी दिली. नवरा बसमध्ये नव्हता. तो त्या वेळी तंजावुरात, मेलवीधीतल्या आमच्या घरी पंख्याखाली बसून मराठी भाषेचं पुढं काय होणार यावर कुणाला तरी फोनवर व्याख्यान देत असणार. शिवी आली ती ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून. मी तिथल्या शाळेत गणित शिकवते, दिवसभर ओरडून घसा बसलेला, खिडकीशी डोळे मिटून बसले होते. गाणं कुठलंसं रॅप होतं, तमिळमधलं, एक मुलगी दात-ओठ खात भराभर बोलत होती, आणि मी त्याकडे लक्षही देत नव्हते. मग ढोल थांबले. एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत तीच मुलगी आवाज खाली आणून, मध ओतावा तसं, पुरुषी लाडानं म्हणाली, “भवाने, भवाने, खेटराच्या लायकीची, तोंड तुझं घाल चुलीत, आणि कॉफी आण आधी.” मराठीत! तमिळ गाण्यात, पापनाशमच्या बसमध्ये, आमच्या घरातलं मराठी! मी डोळे उघडले. मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरी हात वर करून तेच म्हणत होत्या, उच्चार वाकडेतिकडे, पण शब्द न् शब्द पाठ. “बवाने, बवाने!” कंडक्टर तिकिटाच्या यंत्रावर ताल धरत होता. एकीनं दुसरीला विचारलं, हे काय गं, तेलुगू आहे का? दुसरी म्हणाली, नाही गं, असंच आहे, अर्थ-बिर्थ काही नाही, ऐकायला मस्त वाटतं. हातातली पिशवी मी छातीशी धरली, जणू कुणी माझी साडी ओढत होतं.

हे कुणी केलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी बस कोर्टाच्या वळणावर येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की नाही, दुसरं कुणी असेल. आमच्यासारखी मराठी घरं तंजावुरात अजून आहेत, त्यांच्याही घरात शिव्या असतीलच की. पण शिवी सगळीकडे असते, तो आवाज सगळीकडे नसतो. माझ्या नवऱ्यानं, वेंकटरावांनी, मला कधी ओरडून शिवी दिली नाही. मला मारलं नाही, ताट भिरकावलं नाही. बँकेतले साहेब, कपाळाला गंध, कमरेला पांढरी वेष्टी, इकडचं धोतर, आणि ओठांवर हसू. आमच्या भाषेची इथे एक मोठी सोय आहे, ती कुणालाच कळत नाही. साडीच्या दुकानात मालकाच्या तोंडावर आम्ही म्हणतो, हा लुटारू आहे, पुढं चला. पाहुणा समोर बसलेला असताना हसत पुसतो, हा उठणार केव्हा? प्रत्येक घर हे करतं, लहानपणापासून करतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. यांनी तीच सोय बायकोसाठी वापरली. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात यांचे मॅनेजर जेवायला आले होते. मी रसम वाढत होते, थोडं सांडलं. हे माझ्याकडे बघून हसले आणि इतक्या मऊ आवाजात म्हणाले, “सटवे, बापानं तुला शेण खाऊन काढली का गे? पूस ते.” मॅनेजर कौतुकानं मान डोलवत होते. मीही हसले. हसले, कारण समोरचा माणूस हसत होता, आणि नवी सून पाहुण्यासमोर दुसरं करणार काय? त्या हसण्याचा मला आजही राग येतो, आणि तो राग मी कुठं ठेवायचा हे कुणी सांगितलं नाही.

मराठी माणसं आली की मात्र यांचा थाट वेगळा. बाळकृष्णराव वकील, आमच्या मराठी सभेचे अध्यक्ष, आले की मी “कामाक्षीबाई” व्हायची. “कामाक्षीबाई, जरा कॉफी आणता का? तुमच्या हातची म्हणून बाळकृष्णराव मुद्दाम आले आहेत.” बाळकृष्णराव म्हणायचे, वेंकटराव, बायकोशी असं बोलणारे तुम्ही एकटे उरलात हो. आणि समोरच्या घरातली अलमेलु मामी, तमिळ अय्यंगार, तिच्यासमोर मी भवानी, सटवी, खेटराच्या लायकीची. दोन्हीकडे माझा नवरा देवमाणूस. इतक्या वर्षांत या दोन्ही प्रकारची माणसं एकाच वेळी आमच्या ओटीवर कधी बसली नाहीत, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. यांच्या मात्र असणार. अलमेलु मामीनं तर एकदा मला अडवून विचारलं होतं, “तुमचे यजमान तुम्हाला बवाने, बवाने म्हणतात, किती लाडानं म्हणतात! म्हणजे काय हो?” मी काय सांगणार होते? म्हटलं, म्हणजे माझी सोन्याची, असं काहीसं. मामी खूश. तेव्हापासून ती आपल्या नातीला, दिव्यश्रीला, वेणी घालताना तेच म्हणते. मांडीवर पोर, हातात तेल, आणि “ये गं माझी बवाने.” मी माझ्या स्वयंपाकघरातून ऐकते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमटी करपली होती.

घरी आले तेव्हा हे फोनवरच होते. मी मागच्या अंगणात जाऊन जननीला फोन लावला. जननी आमची एकुलती एक, चेन्नईला कुठल्याशा स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते. निदान मला तेवढंच ठाऊक होतं. मराठी तिला येत नाही असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो. हे म्हणायचे, पोरीला सगळं समजतं, पण तोंडातून एक शब्द काढील तर शपथ. आता काढला होता.

“ते गाणं तुझं ना?”

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “अम्मा, तुला कसं कळलं? त्यात माझं नाव नाही, तुझं नाव नाही.”

“माझं नाव नाही? अगं तेच तर माझं नाव! या घरात मला दुसऱ्या नावानं हाक कुणी मारली कधी?”

“अम्मा, रडू नको.”

“मी रडत नाही. मेले, माझ्या स्वयंपाकघरातली घाण तू गावभर वाटलीस! बसमधल्या पोरी नाचतात त्याच्यावर!”

“कुणाला कळणार आहे?” ती म्हणाली. “मराठी येणारे तिकडे उरलेत किती, आणि ते रॅप ऐकतात कुठे?”

बापाचीच लेक. बापालाही जन्मभर हेच वाटत आलं, कुणाला कळणार आहे. मला इतका संताप आला की माझ्या तोंडून यांचाच शब्द जाता जाता राहिला. ती मग हळू आवाजात, तमिळमध्येच बोलू लागली. लहानपणी ती जेवायला बसली की हे असंच बोलायचे आणि मी हसायचे, आणि तिला कळायचं नाही की हसायचं की नाही. तिच्या डोक्यात तो आवाज सतत वाजत राहतो, म्हणाली. कामावर, रस्त्यात, झोपताना. लिहून टाकला तेव्हा पहिल्यांदा थांबला. “तू म्हण,” ती म्हणाली. “आत्ता म्हण, मी आत्ता काढून टाकते. पण तू म्हण.” मी म्हटलं, उद्या सांगते.

त्या रात्री आम्ही नेहमीसारखे जेवलो. माझ्या डोक्यात मात्र ढोल. ते थांबतात आणि मग तो मधाळ आवाज येतो, आणि मला कळेना की मी कुणावर चिडले आहे. लेकीवर? त्या पोरींवर, ज्यांना माझ्या अपमानाचा ठेका आवडला? मध्येच मला वाटायचं, नाचू दे की. मी इतकी वर्षं एकटीनं ऐकलं, आता गावानं ऐकावं. आणि लगेच वाटायचं, उद्या शाळेत एखाद्या पोरानं बाकावर वाजवत तेच म्हटलं तर मी खडू घेऊन उभी राहणार कशी? तसं झालंच. आठवीच्या वर्गात, मी फळ्याकडे वळले आणि मागून कुणीतरी, “बवाने, बवाने.” वर्ग हसला. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? मी वळले नाही. समीकरण पुरं सोडवलं, उत्तर चुकलं, पुसलं, पुन्हा सोडवलं.

जननीला मी काढून टाक म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. फोन हातात होता. पण त्याच संध्याकाळी बाळकृष्णरावांचा फोन यांना आला. त्यांच्या नातवानं घरात ते गाणं लावलं, आणि म्हातारा जेवता जेवता उठला. आपल्या पूर्वजांची भाषा, तिला गटारात ओढली, वगैरे. हे आरामखुर्चीत बसले, कानात फोनचं ते ऐकायचं यंत्र घातलं, आणि गाणं लावलं. मी दारात उभी राहिले. म्हटलं, आता. आता आवाज ऐकतील, आपलेच शब्द, आपलाच सूर, आणि चेहरा पडेल. बघेन तरी एकदा पडलेला. ढोल वाजत असतील तेव्हा यांच्या कपाळाला आठी होती. मग आठी वाढली. कान टवकारून यांनी तेवढा भाग पुन्हा ऐकला. आणि यंत्र काढून माझ्याकडे बघून म्हणाले, “शी! कुठल्या हलकट घराण्यातली बाई असेल ही. काय भाषा, काय भाषा! आणि ‘खेटर’ हा शब्द बघ, किती जुना आहे. आपल्याकडे आता वापरतंय कोण?”

ओळखलं नाही. स्वतःचं वाक्य, सकाळी कॉफी मागताना मला म्हटलेलं वाक्य, यांनी ओळखलं नाही! ते यांच्यासाठी कधी शिवीच नव्हतं. ते म्हणजे फक्त कॉफी मागणं होतं. मला वाटलं होतं माणूस मला छळतो तेव्हा निदान त्याला ठाऊक तरी असतं. अरे, छळायलाही माझ्याकडे लक्ष द्यायला हवं होतं ना! मी आत गेले आणि जननीला फोन लावला. “राहू दे,” म्हटलं. “काही काढू नको.” ती म्हणाली, अम्मा, नक्की? मी म्हटलं, “नक्की. शेवटचा शब्द मात्र तू घातला नाहीस.” तो शब्द तिला ठाऊक होता. “तो मी घेईन बघून,” म्हटलं, आणि फोन ठेवला. त्या दिवसानंतर मला गाणं ऐकायला लाज वाटली नाही. उलट वाट बघायची. बसमध्ये ढोल थांबले की मी मागे वळून त्या पोरींकडे बघायची, म्हणा गं, जोरात म्हणा.

सभेनं ठरवलं की पोलिसांत तक्रार द्यायची आणि गाणं बंद पाडायचं. तक्रार तमिळमध्ये हवी, आणि तिच्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ हवा, नाहीतर इन्स्पेक्टर म्हणणार यात वाईट काय आहे. जुन्या शब्दांचे जाणकार कोण? वेंकटराव. बैठक कुठे? आमच्या घरी, रविवारी सकाळी. हे किती फुलले होते! वेष्टीला इस्त्री करून घेतली. शनिवारी संध्याकाळी मी समोर गेले. अलमेलु मामी अंगणात पाणी मारत होती, संध्याकाळच्या कोलमसाठी, म्हणजे रांगोळीसाठी. म्हटलं, मामी, उद्या आमच्याकडे मंडळी येणार आहेत, तुम्हीही या. त्या नव्या गाण्याबद्दल बोलणं आहे. मामी म्हणाली, “ते बवाने, बवाने, आमच्या दिव्यश्रीचं लाडाचं नाव असलेलं गाणं? अय्यो, ती तर दिवसभर नाचते त्याच्यावर! येते की. यजमानांना गुळाचा पोंगल आवडतो, तो घेऊन येते.” मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. हिला मी काय खायला घालणार आहे उद्या? पण मागे फिरायला पाय तयार नव्हते. सूड घ्यायचा म्हणजे मधे कुणाच्या तरी पायावर पाय पडतोच, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज मला यांच्यासारखा मऊ वाटला.

रविवारी ओटीवर बाळकृष्णराव, त्यांच्याबरोबर सभेचे खजिनदार तुकोजी, आणि हे. मी कॉफी दिली. “कामाक्षीबाई, साखर बरोबर,” हे म्हणाले. मग अलमेलु मामी पितळी डबा घेऊन पायऱ्या चढली. यांचं हसू जरा अडखळलं. तेवढंच मी बघितलं, पण तेवढं बघायला मी अख्खा आठवडा जगले होते. मामीला यांनी नमस्कार केला, तमिळमध्ये, या या म्हणाले, आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलं, सवयीनं, तो मऊ आवाज ओठांपर्यंत आला, मला दिसला, आणि मग बाळकृष्णराव समोर बसलेले दिसले. तोंड मिटलं. मामीसमोर मला काय म्हणायचं हे यांना सुचेना. “ह्यांना... खुर्ची द्या,” म्हणाले. मी खुर्ची दिली, बरोबर यांच्या समोर.

बाळकृष्णराव म्हणाले, मामी बसल्या आहेत तर तमिळमध्येच बोलू, नाहीतरी तक्रार तमिळमध्येच लिहायची आहे. तुकोजींनी फोनवर गाणं लावलं आणि ढोल थांबल्यावर बंद केलं. “पहिला शब्द,” बाळकृष्णराव म्हणाले. यांनी चष्मा पुसला. विद्वानाला मान मिळाला की तो घरातलं विसरतो. “भवाने,” हे म्हणाले. “अगदी हलकी शिवी. निर्लज्ज, कजाग, वाईट चालीची बाई, अशा अर्थानं आमच्याकडे म्हणतात. सभ्य घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही.”

मामी हसली. तिला वाटलं, थट्टा आहे. “काय हो वेंकटराव,” ती म्हणाली, “असं कसं? तुम्ही तर कामाक्षीला रोज म्हणता. मी रोज ऐकते समोरून. बवाने, कॉफी आण. आणि ते पुढचं पण, केटर, केटर. तसंच म्हणता, असं गोड.” आणि तिनं म्हणून दाखवलं. तोच सूर, तोच लाड, वर जाऊन खाली येणारा. इतक्या वर्षांत तिला तो बरोबर पाठ झाला होता.

तुकोजी आपल्या पायांकडे बघू लागले. बाळकृष्णरावांनी माझ्याकडे बघितलं, आणि डोळ्यांनी मला खूण केली, सावरा, कामाक्षीबाई, घरातलं घरात. मामीही माझ्याकडेच बघत होती. तिचं हसू अर्धं राहिलं होतं. “कामाक्षी,” ती म्हणाली, “तुम्ही मला सांगितलं होतं ना, म्हणजे माझी सोन्याची?”

हे म्हणाले, मराठीत, अगदी हळू, “आत जा.” पुढचा शब्द लावला नाही. लावता येईना.

“मामी, मी खोटं सांगितलं,” मी तमिळमध्ये म्हटलं. “मला लाज वाटली म्हणून सांगितलं. हे आत्ता म्हणाले तेच खरं. लिहून घ्या तुकोजी, यांना सगळे अर्थ येतात. खेटर म्हणजे चप्पल, मी तिच्या लायकीची. सटवे, तोही लिहा, तो गाण्यात नाही. आणि शेवटचा, कॉफी गार असली की यायचा.” आणि तो मी म्हटला. रांडे. यांच्या आवाजात म्हटला, मऊ, हसत, यांच्याकडे बघून, आणि मग तमिळमध्ये त्याचा अर्थ सांगितला, वर्गात सांगते तसा, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत जावा असा. मला वाटलं होतं म्हणताना माझा गळा भरून येईल. नाही आला. इतकं बरं वाटलं! बघा की, बघा, पडला चेहरा.

अलमेलु मामी बसूनच होती. तिचे ओठ हलत होते. ती आपल्या नातीला किती वेळा काय म्हणाली ते आठवत असावी. माझ्याकडे तिनं असं बघितलं की मी मान वळवली, त्या एका बघण्याचं देणं माझ्याकडे राहिलं आहे आणि ते फिटणार नाही. मग ती उठली. यांच्यासमोर स्टुलावर ठेवलेला पोंगलचा डबा तिनं उचलला, झाकण दाबून बसवलं, आणि पायऱ्या उतरून आपल्या घरी गेली. बाळकृष्णराव काठी शोधू लागले. काठी त्यांच्या हातातच होती. जाताना ते तुकोजींना म्हणाले, तक्रारीचं नंतर बघू.

दुपारी हे जेवले नाहीत. एकदा फक्त विचारलं, “ते गाणं... जननी?” मी म्हटलं, “हो. मराठी येत नाही म्हणत होतात ना पोरीला?” हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि मला त्या पाठीची दया आली नाही. येईल असं वाटून मी थोडा वेळ दारात उभी राहिले होते. समोरच्या ओटीवर मामी नातीची वेणी घालत होती. पोर नाचायला बघत होती, गाणं म्हणायला बघत होती, आणि मामी तिच्या तोंडावर हात ठेवत होती. वेणी घालताना ती काहीच म्हणत नव्हती. तेवढं मात्र मला बघवलं नाही.

संध्याकाळी कॉफीची वेळ झाली. मी स्वयंपाकघरात होते. ओटीवर खुर्ची करकरली, हे उठून बाहेर येऊन बसले असावेत. खोकले. मला ठाऊक होतं, आता समोरची खिडकी उघडी आहे, आणि यांनाही ठाऊक होतं. मग हाक आली, कोरडी, नवख्या माणसानं पत्ता विचारावा तशी. “कामाक्षी.” नुसतं नाव. बाई नाही, गे नाही, हसू नाही. लग्न झाल्यापासून यांनी मला अशी हाक मारली नव्हती. इतकं साधं होतं ते, आणि ते यायला एवढा गाव ढवळावा लागला. यांनी पुन्हा हाक मारली. मला चांगलं ऐकू आलं. मी ओ दिली नाही. फिल्टरमध्ये दोघांपुरती कॉफी उतरली होती. मी एकच पेला भरला आणि तिथेच, चुलीसमोर पाट घेऊन, बसून प्यायले.